आमच्या दारात पोलीस का आला होता

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. दरवर्षी या दिवशी माझे काम सतरंज्या घालण्याचे आणि चहाच्या पातेल्यावर लक्ष ठेवण्याचे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे माईकसमोर उभे राहण्याचे कधी मनातही आले नव्हते. पण महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या दारात पोलीस आला होता, ती हकिकत निम्म्या गावाने आपापल्या मनाने रचली आहे. आता खरी काय ती तुम्हीच सांगा." त्यांचे म्हणणे मला पटले. माझ्या कानावर जे आले त्यात कोणी म्हणत होते की आमच्यात वाटणीवरून मारामारी झाली, कोणी म्हणत होते की मुलाने मोटारसायकल कोणाच्या अंगावर घातली. एका बाईने तर माझ्या धाकट्या जावेला विहिरीवर विचारले, "म्हातारीनं काय केलं गं?"

म्हातारीने काय केले तेच आता सांगते. सासूबाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलते आहे.

आमच्या थोरल्या वन्सं अमेरिकेत न्यू जर्सीला असतात हे आपणांस ठाऊकच आहे. त्या तिथल्या नागरिक झाल्या. तिथल्या कायद्याप्रमाणे नागरिक असलेल्या व एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या आईवडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी बोलावता येते. भावाबहिणींनाही बोलावता येते, पण त्यांची रांग इतकी लांब की आपल्या देशातील माणसांना पंधरा वर्षांहून अधिक थांबावे लागते. आईवडिलांना तशी रांग नाही. सासूबाई याआधी एकदा, २०१५ साली, वन्संच्या बाळंतपणाला पाहुण्या म्हणून जाऊन आल्या होत्या. या खेपेस वन्संनी रीतसर अर्ज केला. अर्ज मंजूर झाला आणि मग कागद मागविण्याचे पत्र आले. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, आणि पोलिसांचा दाखला.

तो शेवटचा शब्द ऐकला मात्र, सासूबाईंनी हातातली सुपली खाली ठेवली. "म्या काय चोरी केलीया व्हय? सत्तर वरसात कुणाच्या शेतातलं कणीस मोडलं न्हाई."

मी त्यांना सांगितले, "आत्याबाई, चोरी केली नाही हेच लिहून पाहिजे आहे त्यांना." त्यांना ते पटले नाही. न केलेल्या गोष्टीचा दाखला सरकारने कसा द्यायचा, असे त्या म्हणाल्या. खरे पाहता त्यांचा प्रश्न अगदीच वेडा नव्हता.

मुलाने मला एकदा वाचून दाखविले होते की आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांना ना व्हिसा लागला, ना पासपोर्ट. आगबोटीचे तिकीट आणि मनाचे धैर्य, एवढ्यावर त्या गेल्या. पुढे १९२४ साली अमेरिकेने कायदा केला, त्यात कायमचे राहावयास येणाऱ्या माणसाने आपल्या सरकारकडील तुरुंगाची वगैरे नोंद, मिळत असेल तर, अर्जासोबत जोडावी असे लिहिले. म्हणजे पोलिसांच्या दाखल्याची ही पद्धत शंभर वर्षांची झाली. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग मी शंभर वरसं आधीच जायला पाहिजे हुतं."

हा दाखला कोणाकोणाला लागतो ते सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या लेकी-सुना आता बाहेर आहेत. अमेरिकेच्या कायमच्या व्हिसासाठी सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला तो लागतो. आपण सहा महिन्यांहून अधिक राहत असू त्या आपल्या देशाचा लागतो. सोळा वर्षांनंतर दुसऱ्या एखाद्या देशात बारा महिने किंवा अधिक राहणे झाले असेल, तर त्याही देशाचा लागतो. आणि जिथे कधी अटक झाली असेल तिथला तर लागतोच, मग मुक्काम एका दिवसाचा का असेना. अमेरिकेत आपण राहिलो असलो तरी तिथला मात्र त्या मागत नाहीत, त्यांचे ते बघून घेतात.

आमच्या शेजारच्या आळीतील एक मुलगी परिचारिका म्हणून दुबईला चौदा महिने होती. चौदा महिने म्हणजे बारांच्या वर झाले. तिथे असतानाच तिने दुबई पोलिसांचा दाखला काढला असता तर काम सोपे होते. इकडे परत आल्यावर आठवण झाली, मग बोटांचे ठसे द्या, ते प्रमाणित करून आणा, पुन्हा अर्ज करा, असे करण्यात तिचे कित्येक आठवडे गेले. कोणाची मुलगी आखातातून परत येणार असेल तर तिला आजच फोन करा.

आता आमच्या चुका सांगते. पहिली चूक पैशाची झाली. मालकांना कोणी तरी एका दलालाचे नाव सांगितले. गाव सांगत नाही, आणि त्याचे नावही सांगत नाही. त्याने चार हजार रुपये घेतले आणि पंधरा दिवसांनी एक कागद आणून दिला. शिक्का, सही, सगळे व्यवस्थित. मुलाने तो कागद वन्संना मोबाईलवर पाठविला. त्यांचा लगेच फोन आला, "वहिनी, हा तो नव्हे."

तो होता चारित्र्य पडताळणीचा दाखला. आपली मुले कंपनीत किंवा सुरक्षारक्षक म्हणून नोकरीला लागतात, तेव्हा पोलिसांकडून घेतात तो. तो दाखला खोटा नव्हता. पण आम्हांला पाहिजे होता तो पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा. त्याला सगळे पीसीसी म्हणतात. त्यासाठी अर्ज पासपोर्टच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो आणि त्याची सरकारी फी पाचशे रुपये आहे. पाचशे! पोलीस चौकशी करतात, पण दाखला देते ते पासपोर्टचे कार्यालय. आणि त्यावर कोणत्या देशासाठी दिला त्या देशाचे नाव लिहिलेले असते. एका देशासाठी काढलेला दुसऱ्या देशाला चालत नाही. मी तर समजत होते की एकदा निर्मळ म्हटले की माणूस सगळीकडे निर्मळ.

चार हजार रुपये गेले ते गेले. त्या पैशात मंडळाच्या दोन सतरंज्या आल्या असत्या. असो.

मग मुलाने घरी बसूनच अर्ज भरला आणि पुण्याला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेतली. सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज घेतात, तेव्हा आपल्याला जवळचे कोणते आहे ते अर्ज भरतानाच पाहावे. आम्ही पहाटेच्या एस.टी.ने गेलो. सासूबाईंनी दशम्या बांधून घेतल्या होत्या. आत तीन ठिकाणी जावे लागते. पहिल्या ठिकाणी कागद तपासतात, फोटो व बोटांचे ठसे घेतात, मग पुढे दोन अधिकारी बघतात. सासूबाईंच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. सत्तर वर्षे खुरपे धरलेली बोटे ती. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने बोटे पुसली, पुन्हा दाबली, चौथ्या वेळी यंत्राला पटले. ती मुलगी फार सौजन्याने वागली.

अडले ते दुसऱ्या अधिकाऱ्यापाशी. पासपोर्टावर आपल्या गावाच्या नावात इंग्रजी एच होता, आधार कार्डावर नव्हता. अंथुर्णे म्हणा की अंतुर्णे म्हणा, पालखी मुक्कामाला इथेच येते. पण कागदाला ते कसे कळणार? दुसरे, सासूबाईंचे माहेरचे नाव निराळे आणि सासरचे निराळे. आपल्या पिढीपर्यंत लग्नात तांदळात नाव लिहून बदलण्याची रीत होतीच. शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टावर दुसरीच. अमेरिकेच्या अर्जात तर आजवर वापरलेली सगळी नावे विचारतात. पासपोर्टात लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी सक्ती नाही, हे मला त्या दिवशी तिथे कळले. माझ्या लेकीच्या वेळी मी ते लक्षात ठेवीन. शेवटी अधिकाऱ्यांनी अर्ज घेतला, आणि पत्ता व बाकीची खात्री करण्यासाठी तो पोलिसांकडे पाठविला. म्हणून, भगिनींनो, आमच्या दारात पोलीस आला. आपल्याला पाहिजे असलेल्या दाखल्यासाठी, आपणच केलेल्या अर्जावरून आला.

पण तो येण्याच्या आधी घरात जे झाले ते सांगितले नाही तर ही हकिकत अर्धीच राहील.

अमेरिकेच्या अर्जात एक प्रश्न आहे. आपल्याला कधी कोणत्याही गुन्ह्यासाठी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? मुलगा वाचून दाखवीत होता व मी भाकरी थापत होते. "नाही," असे मालक म्हणाले आणि मुलगा पुढे जाणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब. गाडीत घातलं हुतं की मला."

आपल्याला आठवत असेल, नोव्हेंबर २०१२ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर इंदापूर भागात उसाच्या दरासाठी मोठे आंदोलन झाले होते. टनाला तीन हजार रुपये पहिली उचल द्या अशी मागणी होती. त्या वेळी पुष्कळ बाया रस्त्यावर बसल्या. सासूबाई त्यांतल्या एक. पोलिसांनी बायांना गाडीत बसवून नेले, दुपारभर एका आवारात बसविले आणि दिवेलागणीला सोडून दिले. त्या घरी आल्या तेव्हा मी चकलीचे पीठ मळीत होते. "सोऱ्या कुठं हाय?" एवढेच त्यांनी विचारले होते.

त्या रात्री घरात वाद झाला. मालक म्हणाले, "बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेला काय ठाऊक? लिहिलेस तर आईचे जाणे बुडेल." त्या दलालालाही फोन केला, तोही म्हणाला, "नाही म्हणून लिहा, सगळे तसेच लिहितात." मालक चिडले होते, ते आईच्या काळजीने, हे मला कळत होते. मलाही भीती वाटत होती. वन्संनी तिथे एका वकिलाला विचारले. त्यांचे म्हणणे असे पडले की अशा गोष्टीने व्हिसा सहसा अडत नाही, पण लपविल्याचे कळले तर त्याने कायमचा अडू शकतो. अटक होती की नुसते अडवून ठेवणे होते ते अधिकारी ठरवतील, आपण घडले तसे लिहावे.

तरी मालक ऐकेनात. शेवटी सासूबाईच बोलल्या. "रस्त्यावर बसले हुते ते उसासाठी. लपवायचं कशाला? लिव्ह." मग कोणी बोलले नाही. मुलाने लिहिले.

आता त्याला कागद हवा. मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. २००५ च्या कायद्याने तो कोणत्याही नागरिकाला करता येतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे व काय पाहिजे ते स्वच्छ लिहायचे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. माझे अक्षर बरे आहे, म्हणून मीच लिहिला. पोलीस ठाण्यात तो द्यायला मी एकटी गेले. पायरी चढताना पदर दोनदा सारखा केला, हे खोटे कशाला सांगू? आत गेल्यावर ठाणे अंमलदारांनी बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला, पोच दिली. एवढेच.

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आले. सदर नावाच्या महिलेविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही. त्या दिवशीच्या नोंदीत आंदोलकांना प्रतिबंधात्मक म्हणून ताब्यात घेऊन सायंकाळी सोडून दिल्याचे लिहिले होते. पुढे पुरुषांची नावे होती, आणि शेवटी "व इतर महिला".

मला तर देव पावल्यासारखे झाले. मोठ्याने वाचून दाखविले. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण सासूबाई गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हंजी मी इतर." आणि उठून गोठ्यात गेल्या. दिवसभर उन्हात त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या पाच-सहा जणींची नावे त्यांना आजही पाठ आहेत. त्यांतल्या दोघी आता नाहीत.

त्यानंतर आठवड्याने हवालदार आले. त्यांनी पासपोर्ट, आधार, वीज बिल पाहिले. मग म्हणाले, ओळखीचे दोन प्रतिष्ठित शेजारी बोलवा, त्यांच्या सह्या लागतील. ऊसतोड चालू, दुपारची वेळ, गल्लीत एकही पुरुष माणूस नाही. मी म्हटले, "शेजारणी चालतील का? आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाई आहेत." हवालदार क्षणभर थांबले, मग म्हणाले, "चालतील की, आधारची प्रत आणायला सांगा." तेव्हा आमच्या अध्यक्षबाई आणि पलीकडच्या काकू आल्या आणि सासूबाईंना पंचवीस वर्षांपासून ओळखतो असे लिहून दोघींनी सह्या केल्या. अध्यक्षबाईंच्या हाताला कणीक होती, त्या कागदाच्या एका कोपऱ्यावर तिचा पांढरा ठसा उमटला. हवालदारांनी चहा घेतला, पैसे मागितले नाहीत. पोलीस आला म्हणून दारे लावून फटीतून बघणाऱ्यांनी बाहेर येऊन विचारले असते, तर त्यांनाही चहा मिळाला असता.

पोलिसांचे उत्तर पुण्याला गेले आणि थोड्या दिवसांनी दाखला मिळाला. एकच पान. सदर व्यक्तीविरुद्ध प्रवासाची सवलत नाकारावी अशी कोणतीही प्रतिकूल माहिती नोंदीत नाही, अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत आणि खाली अमेरिकेचे नाव. अमेरिकेच्या कामासाठी हा दाखला दोन वर्षे धरतात, पण दुसरे देश थोड्या मुदतीचे मागतात, म्हणून फार आधी काढून पेटीत ठेवू नये. अस्सल प्रत मुलाखतीला न्यावी लागते. आम्ही तिच्या दोन छायाप्रती काढल्या आणि अस्सल प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली.

मुलाखत मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकन वकिलातीत झाली. त्याआधी त्यांनी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. मुलाखतीला सासूबाईच आत गेल्या, आम्ही बाहेर रस्त्याच्या कडेला उभे. भर दुपार, मालकांनी तीन वेळा विचारले किती वाजले ते, घड्याळ त्यांच्याच हातात. आत काय झाले ते सासूबाईंच्या तोंडचे सांगते. तिथे मराठी सांगणारी बाई होती. साहेबाने कागद चाळले आणि तो माहिती अधिकाराचा कागद बाहेर काढून विचारले, "हे कशाबद्दल?" त्या म्हणाल्या, "उसाच्या दराबद्दल. रस्त्यावर बसलो हुतो." साहेबाने विचारले, कोणाला मारले का, काही मोडतोड केली का. "न्हाई. बसलो हुतो." मग विचारले, दर मिळाला का. "मागितला तेवढा न्हाई मिळाला." मराठी सांगणारी बाई ते इंग्रजीत सांगताना हसली आणि साहेबही हसला, असे त्या म्हणतात. पासपोर्ट ठेवून घेतला. काही दिवसांनी शिक्का उमटून परत आला.

आषाढीची वारी झाल्याखेरीज जाणार नाही असे सासूबाईंनी वन्संना बजावले आहे. तुकोबांची पालखी आपल्या गावात उतरते, त्या रात्री भाकरी करायला मी नको का, असे त्यांचे म्हणणे. तिकीट त्यानंतरचे काढले आहे.

माझ्याजवळ या सगळ्या कागदांची एक फाईल आहे. अर्ज कसा भरला, माहिती अधिकाराचा मजकूर काय लिहिला, कोणता दाखला चुकीचा निघाला, सगळे त्यात आहे. कोणाला पाहावयाची असेल तर घरी या. फक्त सकाळ-संध्याकाळची धारेची वेळ सोडून या, आणि येताना आपला रेशनकार्डाचा व आधारचा कागद बरोबर आणा, म्हणजे गावाच्या नावात एच आहे की नाही ते लगेच बघून टाकू.